बॉयलरला लागणारं पीठ

माय, तू गेल्यानंतर मी वेल्डिंग शिकलो आणि त्यावर माझा संसार झाला, ते तुला ठाऊकच नाही. मोठ्या कारखान्यांत हीट एक्स्चेंजर नावाचं एक अवजड पिंप असतं. त्याच्या पोटात शेकडो नळ्या. नळ्यांच्या आतून एक पाणी जातं, बाहेरून दुसरं, आणि एकाची ऊब दुसऱ्याला मिळते; दोघांनी एकमेकांना शिवायचं मात्र नाही. जिथलं पाणी फार खारट असतं तिथे या नळ्या टायटॅनियमच्या घालतात आणि प्रत्येक नळीचं तोंड जाड पत्र्याला वेल्डिंग करून जोडतात. उतारवयात ते मी करायचो. हा धातू भलताच सोवळ्याचा. घामाचं बोट लागलं तरी बिनसतो. नळी पुसून घ्यायची, पांढरे हातमोजे घालायचे आणि जोड थंड होईपर्यंत त्याच्यावर आरगॉन वायूचं पांघरूण ठेवायचं. जोड चांदीसारखा निघाला की उत्तम, फिकट सोनेरी असला तरी चालतो. निळा किंवा राखाडी झाला की त्याला हवा लागली म्हणायचं, कापून काढायचा आणि पुन्हा करायचा. तू असतीस तर म्हणाली असतीस, एवढे लाड तर माझ्या सासूनंही करून घेतले नाहीत.

तुझ्या माहितीतल्या नळ्या लोखंडाच्या. वाशीमच्या जिनिंग कारखान्यातल्या बॉयलरच्या. बाबा तो बॉयलर चालवायचे आणि मी, मिसरूड फुटलेला घोडा, त्यांच्या हाताखाली भट्टीत लाकडं घालायचो. त्या वाफेवर इंजिन चालायचं, इंजिनावर कापसातली सरकी वेगळी करणारे रेचे, आणि रेच्यांपुढे ओळीनं बसलेल्या बाया. नळ्या जुन्या झाल्या होत्या. जिथे नळीचं तोंड पत्र्यात बसवलेलं असतं तिथून पाणी पाझरायचं आणि आगीवर पडून चर्र वाजायचं. जिनिंगचा मालक शेठ दरवर्षी म्हणायचा, एवढा हंगाम निघू दे, मग बदलू. तोवर बाबांनी जुन्या लोकांचा उपाय चालवला होता. ज्वारीचं पीठ पाण्यात कालवून बॉयलरच्या पाण्यात सोडायचं. ते फटीत जाऊन बसतं, फुगतं आणि गळती थांबते. काही दिवसांनी पुन्हा सुरू झाली की पुन्हा पीठ. ते पीठ आपल्या घरून जायचं. तू जात्यावर बसलीस की बॉयलरचा वाटा वेगळा काढायचीस आणि शेजारणींना सांगायचीस, आमच्या घरी खाणारी तोंडं तीन आणि चौथं लोखंडाचं, त्याची भूक सगळ्यांत मोठी. बाबाही हसायचे. तेव्हा ती खरोखरच हसण्याची गोष्ट होती.

पीठ फटीत बसतं तसं तापलेल्या नळीवरही बसतं आणि करपतं. करपलेल्या थराखाली नळीला पाणी लागत नाही, ती नुसतीच तापत राहते आणि आतून खंगत जाते. हे मला फार पुढे कळलं. बाबांना तेव्हाच कळलं असावं, कारण पिठाच्या तिसऱ्या हंगामाच्या तोंडावर त्यांनी मला शेलूबाजारला एका व्यापाऱ्याकडे कापसाच्या वजनकाट्यावर लावून दिलं. मी चिडलो होतो. आग सांभाळणारा माणूस मी, आणि हे मला गाड्या मोजायला बसवतात. त्याच सुमारास त्यांनी तुलाही बजावलं की डबा गेटापाशी ठेवत जाय, अंदर येऊ नको. आधी तू सरळ बॉयलरच्या दारापर्यंत जायचीस, चार शब्द बोलून यायचीस. तेव्हापासून तू गेटापाशीच डबा ठेवून परत यायचीस.

मी सुटीला घरी आलो होतो ती सकाळ. बाबा कामावरून घाईघाईनं पीठ न्यायला आले. तू चुलीपुढे भाकरी थापत होतीस. हात न थांबवता म्हणालीस, पीठ नाही देत. बाबांना वाटलं संपलं, तर तू पिठाच्या डब्याकडे बोट केलंस. डबा भरलेला होता. मग तू तवा उतरवून त्यांच्याकडे तोंड केलंस.

"पोराले शेलूले धाडलं. मले गेटाच्या अंदर येऊ देत नाही. मंग रेच्यावरच्या बाया कोनाच्या कोनी नाहीत काय?"

"तुले काय समजते बॉयलरमधलं?"

"काहीच नाही समजत. तुमचं तोंड समजते."

मला वाटलं, आता ताट-वाटी भिरकावतील. पण ते रिकाम्या हातानंच निघून गेले. मी मागोमाग गेलो. बाजार वाटेतच होता, पण त्यांनी तिकडे मान वळवली नाही. जिनिंगमध्ये जाऊन त्यांनी भट्टीतली आग बाहेर ओढायला सुरुवात केली आणि मला म्हणाले, सगळ्याइले बाहेर काढ. पट्टे थांबले, रेचे थांबले. आवारात कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली. शेठ धावत आला आणि सगळ्यांदेखत बाबांच्या खानदानाचा उद्धार केला. बाबा निखारे ओढत राहिले.

बॉयलर निवल्यावर झाकण उघडून बाबा आत शिरले. नळ्यांवर काळा, टणक थर चढला होता. तो खरवडताना एका नळीतून खरवडणीचं टोक आरपार गेलं. त्यांनी मला ते भोक दाखवलं, शेठला दाखवलं, आणि बाहेर येऊन भिंतीला टेकून बसले. वाफ कोंडलेली असताना ती नळी फुटली असती तर पहिली रेच्यांकडची भिंत गेली असती, आणि तिच्यापलीकडच्या बाया. शेठनं नळ्या बदलल्या, बदलाव्याच लागल्या, पण अर्धा हंगाम हातचा गेला आणि पुढच्या वर्षी त्यानं बॉयलरवर दुसरा माणूस ठेवला.

कोणी तुझे आभार मानायला आलं नाही. ज्या बायांसाठी तू बोललीस त्यांचीच मजुरी बुडाली. विहिरीवर त्या तुला ऐकू जाईल असं बोलायच्या की नवऱ्याची नोकरी हिनंच घालवली. तू घागर भरून परत यायचीस. मग आपण तुझ्या माहेरी इंझोरीला आलो आणि बाबा मामांच्या शेतात राबू लागले. वाफेवरचा माणूस तो, तण काढायच्या बैल-डवऱ्यामागे चालताना कायम कोणाच्या तरी घरी पाहुणा आल्यासारखा दिसायचा. त्या सकाळबद्दल तुम्ही दोघं पुन्हा कधी बोलला नाहीत. तू गेलीस तेव्हाही तो विषय तसाच राहून गेला होता, आणि मला ते फार लागलं होतं. बाबांनी एकदा तरी तुला म्हणायला हवं होतं, तुझं बरोबर होतं.

तुझ्यामागे बाबा बरीच वर्षं जगले. थकल्यावर माझ्याकडे येऊन राहिले. एकदा अंगणात ऊन खात बसले असताना आपणहून म्हणाले, "पीठ दुकानातबी भेटत होतं. शेठनं पैसे देले असते. मी घरचंच काहून मांगत होतो, सांग?" मग स्वतःच म्हणाले, "तुही माय कवातरी नाही म्हनन म्हून. माह्याच्यानं शेठले म्हनवत नव्हतं." एवढं बोलून त्यांनी पाणी मागितलं.

तुला हे सांगायचं होतं. हे पत्र टाकायला पेटी नाही हे मला कळतं, तरी लिहून काढलं.

आणि एक माझंही सांगतो. मी टायटॅनियमच्या कामाला लागलो तेव्हाच्या पहिल्याच वर्षातली गोष्ट. माझा एक जोड सोनेरीच्या पलीकडे गेला, कडेला जांभळट झाक. माल दुसऱ्या दिवशी जायचा होता. मला दिसत होतं की तो कापायला हवा. तरी मी तपासणीच्या साहेबांना बोलावून दाखवला, कारण मला वाटत होतं ते नाही म्हणतील. त्यांनी वाकून पाहिलं, चालेल म्हणाले आणि निघून गेले. मी तो जोड कापला, माय. पण लगेच नाही. पन्नाशीला आलेला माणूस, हातात पांढरे मोजे घालून मी त्या नळीपुढे बराच वेळ उभा होतो, आणि तू यावंस म्हणून वाट पाहत होतो.