लिटरला आठ

बाबा, तुमचं ॲव्हरेजचं रजिस्टर सापडलं. माळ्यावरच्या ट्रंकेत, सुताच्या जुन्या लेबलांच्या गठ्ठ्याखाली होतं. वाळवीलाही त्यात काही खाण्यासारखं वाटलं नसावं, कारण पानं धडधाकट आहेत. तारीख, मीटरचा आकडा, भरलेलं पेट्रोल, निघालेला ॲव्हरेज, आणि शेवटच्या रकान्यात तुमच्या लाल पेन्सिलीचा शेरा. शेरे सोडले तर सगळं अक्षर माझं. तुमचं अक्षर कोंबडीच्या पायांसारखं होतं आणि भागाकार तुम्हाला धड येत नव्हता, हे तुमच्या हयातीत म्हणायची हिंमत झाली नाही, म्हणून आता म्हणते. विणकर सोसायटीचा सेक्रेटरी, नागपूरच्या अख्ख्या इतवारीत हिशेबी म्हणून नावाजलेला माणूस, आणि सत्त्याण्णवला साडेतेरांनी भागायचं असलं की हाक मारायचा, "कुठं गेली वं, इकडे ये."

काल माझ्या गाडीत पेट्रोल भरलं. पंपावरच्या बाईनं नळी लावली, ती आपली आपण खटकन बंद झाली. मी सवयीनं म्हटलं, अजून थोडं टाका. ती म्हणाली, "नाही ताई, खटका पडला की बस. वर जागा ठेवा लागते." तिनं ते इतकं सहज सांगितलं, भाजीत मीठ किती ते सांगावं तसं. मी गाडीत बसले आणि मला तुमचा इतका राग आला की चावी फिरवायला हात उठेना. जागा ठेवावी लागते. एवढंच होतं बाबा. तुमच्या सगळ्या शास्त्रात एवढं एकच वाक्य नव्हतं.

सोसायटीनं तो पिकअप घेतला तेव्हा मी कॉलेजात होते. समोर दोघांची बसायची जागा, मागे उघडा हौदा. इथून सुताच्या पेट्या भरून उमरेडला न्यायच्या, तिथल्या विणकरांकडून तयार लुगडी घेऊन यायचं, कधी खाप्याला फेरी. गाडी चालवायची ड्रायव्हरनं, मिरवायचं तुम्ही. घरी पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला ॲव्हरेज मिळायचा. "लिटरले आठ देते. पक्के आठ!" बिचारे विणकर आपली लुगडी मोजून घ्या म्हणून ताटकळायचे आणि तुमचे आठ ऐकून "वा साहेब" म्हणायचे. त्यातल्या एकाकडेही साधी सायकल धड नव्हती.

आणि तुमची ती पद्धत. आठवली की आजही पंपावर मान खाली जाते. टाकी गळ्यापर्यंत भरल्याशिवाय खरा ॲव्हरेज निघत नाही हा तुमचा सिद्धान्त. पेट्रोल काठाला आलं की तुम्ही धोतर सावरून मागच्या बंपरवर चढायचात आणि गाडी गदागदा हलवायचात. आतली हवा निघाली पाहिजे म्हणून! मग परत भरायचं, परत हलवायचं, तोंडाशी पेट्रोल डोळ्यांनी दिसेपर्यंत. पंपावरची माणसं काम सोडून बघत राहायची. हे सगळं पहाटे पाच वाजता, कारण थंड पेट्रोल दाट असतं, त्यामुळे जास्त मिळतं, असं तुम्हाला कोणीतरी सांगितलं होतं. मग गाडी आपल्या अंगणात आणून लावायची, ड्रायव्हर घरी जाणार, सुताच्या पेट्या बांधून होणार, आणि उन्हं जरा कलली की तीन वाजता तो उमरेडला निघणार. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. तुमचा तर बैल काठोकाठ भरलेला असायचा.

ड्रायव्हर चाळिशीचा, शांत माणूस. डोक्याला ओला दुपट्टा, खिशात कांदा, ऊन लागू नये म्हणून. गाडीचा आवाज बदलला तर बोलणं अर्ध्यावर सोडून कान द्यायचा. त्या उन्हाळ्यात त्यानंच तुम्हाला पहिल्यांदा सांगितलं होतं. तुम्ही व्हरांड्यात खुर्ची टाकून बसला आहात, मी रजिस्टर घेऊन बाजूला, आणि तो पायरीखाली उभा आहे. "साहेब, निघाच्या टायमाले भरलं तं नाही चालणार का? दुपारी आलो का गाडीजवळ वास येते पेट्रोलचा." तुम्ही चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. "वास येनारच. पेट्रोल हाय, अत्तर नाही. अन् दुपारी काहून भराचं? पंपवाल्यासंग साटंलोटं हाय का तुझं?" मग मी बोलले. म्हटलं, बाबा, टाकी इतकी भरायची काही गरज नाही, काठाला कमी ठेवली तरी हिशेब निघतो, दर वेळी एकाच खुणेपर्यंत भरली की झालं. समोर तीन-चार विणकर बसले होते. तुम्ही त्यांच्याकडे बघून हसलात आणि म्हणालात, "पोरीनं भागाकार करावा. अक्कल शिकवू नोको मले." ते बिचारे तुमच्याबरोबर हसले. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचा पेपर देऊन आले होते, बाबा. विषय पदार्थविज्ञान.

थंडीत आठ देणारी गाडी एप्रिलच्या शेवटी सात पूर्णांक सहावर आली. तुमची झोप उडाली. आठवड्यातून एकदा टाकी भरायची, ती तुम्ही रोज भरायला लागलात, रोजचा ॲव्हरेज रोज कळावा म्हणून. आणि रोज भरायला लागल्यावर आकडा अजून खाली गेला. सात पूर्णांक एक. मग सहा पूर्णांक नऊ. जितकं जास्त मोजाल तितकं कमी भरतंय, हे समोर माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं. शेंबड्या पोरालाही शंका आली असती. तुम्हाला आली, पण ड्रायव्हरची. तुम्ही उमरेडला त्याच्याशेजारी बसून गेलात, परत येताना त्याचा डबा उघडून बघितलात. आई म्हणाली, "त्याच्या भाकरीत पेट्रोल शोधून राहिले काय?" तिच्याशी तुम्ही दोन दिवस बोलला नाहीत.

मे महिन्यातली एक दुपार. अंगणात खाटेवर कुरडया वाळत घातल्या होत्या, त्या उलटायला मी साडेबाराला बाहेर गेले. त्या वेळी नागपुरात कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही, म्हणूनच ते कोणी पाहिलं नव्हतं. पिकअप भर उन्हात उभा. पत्र्याला हात लागला तर फोड येईल असा. आणि टाकीच्या झाकणाला हवेसाठी जे बारीक भोक असतं, त्यातून पेट्रोल झिरपत होतं. एक थेंब फुगायचा, पत्र्यावरून ओघळायचा, खाली मातीवर पडायचा आणि बघता बघता वाळून जायचा. त्या ओघळानं गाडीवरच्या धुळीत एक स्वच्छ रेघ पडली होती. ती रेघ तुम्हीही रोज बघत होतात, आणि पंपावर सांडवतो म्हणून ड्रायव्हरलाच झापत होतात. पहाटेचं गार पेट्रोल, काठोकाठ भरलेलं, हलवून हलवून हवासुद्धा काढून टाकलेली. ते उन्हात फुगणार नाही तर काय करणार? जाईल कुठे? तीन वाजता ड्रायव्हर यायचा तोवर गाडीवर अंगणातल्या कडुलिंबाची सावली आलेली असायची, गळायचं तेवढं गळून झालेलं असायचं, आणि मागे फक्त वास उरायचा. चोर तुम्हीच होतात, बाबा. रोज पहाटे आंघोळ करून चोरी करायला जात होतात.

त्यानंतर आठ दिवसांनी तुम्ही त्याला काढलंत. मे महिना संपत आला होता, व्हरांडा विणकरांनी भरलेला, कोणी सूत न्यायला आलेलं, कोणी लुगडी द्यायला. तुम्ही मला रजिस्टर वाचायला लावलंत, मोठ्यानं. मी वाचलं. सात पूर्णांक सहा, सात पूर्णांक एक, सहा पूर्णांक नऊ. तुम्ही म्हणालात, "आकडा खोटं बोलत नाही. आठ देनारी गाडी सात देऊन राहिली. मंग बाकीचं कुठं जाते, सांग मले."

"म्या थेंब नाही काढला साहेब. लेकरायची आन."

"मंग काय हवेत उडून राहिलं का?"

लोक हसले. तुम्ही अगदी खरं बोलला होतात आणि तुम्हाला ते कळलंसुद्धा नव्हतं. ड्रायव्हरनं चावी रजिस्टरवर ठेवली, माझ्या हाताजवळ. माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "ताई, तुमी तं कॉलेजात शिकेल हा. तुमी पाहा ना एकडाव." बस एवढंच. मी रजिस्टर मिटलं.

जूनमध्ये पाऊस लागला, नवा ड्रायव्हर आला, उन्हाची तलखी गेली आणि गाडी परत लिटरला आठ देऊ लागली. त्या पानावर तुमच्या लाल पेन्सिलीनं दोन शब्द लिहिले आहेत, खाली दोन रेघा मारून : चोरी बंद. मला आता पन्नास वर्षांनी ते शब्द बघून हसू येतं आणि मग मी पान उलटते. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण तरी ठीक, तिच्यात चोर असतो. सोसायटीच्या वार्षिक सभेत तुम्ही ते आकडे वाचून दाखवलेत, चोरी आपण कशी पकडली ते सांगितलंत. टाळ्या पडल्या. पेट्रोलचोर म्हणून नाव झालेल्या माणसाला गाडी कोण देणार? इतवारीत नाही, गांधीबागेत नाही. तो कोराडीला गेला, वीज केंद्राच्या कोळशाच्या ट्रकवर क्लीनर म्हणून. चाळीस वर्षांचा माणूस, हाताखालचा क्लीनर.

आता ते आठ दिवस. त्यांच्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, कारण तुम्हाला ते माहीतच नव्हते. कुरडया उलटल्या त्या दुपारीच मला सगळं कळलं होतं. तेव्हाच आत येऊन तुम्हाला झोपेतून उठवून हाताला धरून अंगणात न्यायला हवं होतं. मी कुरडया घेऊन घरात आले आणि गप्प बसले. मला सभेची वाट बघायची होती. तुम्ही सभेत उभे राहून आकडे वाचाल, आणि मग मी उठेन आणि सगळ्यांसमोर सांगेन की पेट्रोल कुठं जातं. त्या विणकरांनी तुम्हाला हसलेलं मला बघायचं होतं. आकडा जेवढा खाली जाईल तेवढं बरं, असं मला वाटत होतं. सहा पूर्णांक नऊ लिहिताना मी मनात खूश होते, बाबा. सभेच्या आधीच तुम्ही त्याला काढाल हे माझ्या हिशेबात नव्हतं. आणि चावी माझ्या हाताजवळ आल्यावर मी बोलले असते तर पहिला प्रश्न हाच आला असता, तुला ठाऊक होतं तर आठ दिवस काय करत होतीस? सभेतही मी टाळ्या संपेपर्यंत मांडी घालून बसून राहिले.

तो मला पुढे एकदा भेटला. मी कोराडीच्या शाळेत नोकरीला होते, संध्याकाळी बसस्टॉपवर उभी. अंगावरच्या राखेनं माणसाचं वय कळत नव्हतं, पण दुपट्टा बांधायची पद्धत तीच. त्यानं हात जोडले. "साहेब बरे हायत ना?" तुम्ही तेव्हा होतात, चालत-फिरत होतात. मी म्हटलं, बरे आहेत. मग तो अगदी हळू, तक्रारीचा सूर नाही, काही नाही, एखाद्या कारागिरानं कामातली अडचण विचारावी तसं म्हणाला, "ताई, मंग सापडलं का वं, ते पेट्रोल कुठं जाऊन राहिलं होतं? म्या खूप इचार केला. टाकी फुटेल नव्हती, पाइप चांगला होता. अजूनबी रातीले उठून बसतो अन् इचार करतो."

मी म्हटलं, "नाही."

तो म्हणाला, "जाऊ द्या," आणि माझी बस आली.

हे पत्र मी रजिस्टरमध्येच घालून ट्रंकेत ठेवणार आहे. तुम्हाला वाचून काही कळलं असतं असंही मला वाटत नाही. तुम्ही शुद्धलेखनाच्या चुका काढल्या असत्या. लिहायचं होतं ते त्याला, आणि त्याला एकच ओळ पुरली असती. ती ओळ लिहायला मी चार वेळा कागद घेतला. शेवटी तुम्हाला लिहिलं, कारण तुम्हाला लिहिताना नावं ठेवता येतात.