गाडीची चार चाकं आणि तुमची गल्ली

मनवेलपाडा, विरार पूर्व
१६ जानेवारी २००८

नाही मामा, काल तुम्ही जे बोललात ते मला अजिबात मान्य नाही, आणि फाटक लावून घेतलंत म्हणजे वाद संपला असंही नाही. (ती. बळीराममामांस कौस्तुभचा नमस्कार. खोकला कसा आहे? मामीची शुगर? इकडे सगळे ठीक, मी सोडून.)

शनिवारी बाबा गाडी बुक करणार. गाडी तीच, प्रकार दोन: एकात इंजिन दोनच चाकं फिरवतं, दुसऱ्यात चारही. दुसरी इतकी महाग की त्या फरकात आमचा अख्खा फ्लॅट रंगवून निघेल. वर पेट्रोल जास्त खाते, आणि एक टायर गेला तर म्हणे चारही बदला (ही कुठली एकत्र कुटुंबपद्धती?). आमचे बाबा म्हणजे छत्तीस वर्षं सरकारी खात्यात कुठल्याच फाइलवर मत न देता रिटायर झालेला माणूस. त्यांचं एकच पालुपद, "बळीराम म्हणेल ती." आणि तुम्ही म्हणता, चार चाकांची. का, तर होळी गावातल्या तुमच्या वाडीच्या गल्लीत चिखल. आईचे गुडघे गेलेत, चिखलातून चालवत नाही, म्हणून दोन वर्षं ती माहेरी आलेली नाही. बहिणीवरची माया समजली. पण मामा, जानेवारीत चिखल येतो कुठून?

येतो तुमच्या पंपातून. एक दिवसाआड तुम्ही केळींना पाणी सोडता, आणि तुमचा पाट गल्ली आडवी ओलांडतो. खाली एक पाइप पुरला की प्रश्न मिटला. पण गल्ली अर्धी तुमची, अर्धी शेजारच्या सॅन्टनकाकांची, म्हणजे दोघांनी एकाच दिवशी खणायला हवं, म्हणजे आदल्या दिवशी एकमेकांशी बोलायला हवं. आणि त्यांच्या नारळाची झावळी तुमच्या पत्र्यावर पडल्यापासून, सहा वर्षं झाली, तुम्ही बोलत नाही. थोडक्यात, तुमच्या अबोल्याचा खर्च आमच्या गाडीत बसवायचा.

बरं, काल ट्रायलला शोरूमवाल्याने चार चाकांचीच आणली होती. तुम्ही स्वतः पुढे बसलात, "घाल बिनधास्त" म्हणालात. घातली. डांबरी रस्त्याच्या टायरांच्या उथळ खाचा चिखलाने बुजल्या आणि चारही चाकं, अगदी एकमताने, जागच्या जागी फिरली. दोन चाकांच्या गाडीने दोन खड्डे केले असते, हिने चार केले. शोरूमवाल्याचे पांढरे बूट मला आयुष्यभर विसरता येणार नाहीत. मग सॅन्टनकाका ट्रॅक्टर घेऊन आले. (ट्रॅक्टरची मागची दोनच चाकं ओढतात, नोंद घ्यावी.) दोर बांधताना ते तुमच्याशी नाही, बॉनेटशी बोलले, "कोनीतरी सांगा रे यांना, पानी आभालातून नाय आलं." तुम्ही आरशाला उत्तर दिलंत, "कोनीतरी सांगा, त्याच पान्यावर त्याचीपन केली पोसतात." दोन म्हातारे, मध्ये एक गाडी, आणि दोघंही गाडीशी बोलतायत. आणि एवढं होऊन बाहेर पडल्यावर तुम्ही बाबांना काय सांगितलंत? "चार चाकांचीच घ्या, दोनची तर निघालीच नसती."

मामा, हा कुठला न्याय? (माझ्या कथांना शेवट नसतो म्हणून तुम्ही हसता. तुमच्या भांडणाला आहे का?) शनिवारच्या आत बाबांना फोन करा, दोन चाकांची पुरे म्हणून सांगा, आणि पाइप टाका.

तुमचा,
कौस्तुभ

ता. क. खरं सांगायचं तर काल ट्रायलमध्ये कामणच्या चढावर, सुट्या खडीवर, ती चार चाकांची गाडी अशी चिकटून चढली की मला तीच हवीशी झाली. हे बाबांना कळू देऊ नका.

ता. क. २. रात्री आईला विचारलं, तुला कुठली हवी. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "कुठलीही आणा. चार वर्षं वाट पाहिली, आता ते दोघं बोलेपर्यंत मी त्या गल्लीत पाय ठेवणार नाही. गुडघ्यांचं मी उगाच सांगते."

ता. क. ३. म्हणून हे पत्र पोस्टात न टाकता उघडंच सॅन्टनकाकांच्या हातात दिलंय. ते वाचत वाचत तुमच्या फाटकाकडे निघालेत, वरच्या दोन ता. क. मी त्यांच्याच ओट्यावर बसून लिहिल्या, आणि ही तिसरी पाकिटावर आहे, ते जाता जाता तुमच्या फाटकात खोचतो. बाइक चालू आहे. निघालो.