भुवईवरची खूण

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता माझे केस तुमच्यापेक्षा पांढरे आहेत. तरी कोणाचा फोटो हाती आला की पाठीमागून तुमचं खाकरणं ऐकू येतं. माझ्या हाताची घाई झाली की तुम्ही खाकरायचात. सासरच्यांनी मला कारंज्याला माहेरी आणून सोडलं, तेव्हा तुम्ही एक शब्द विचारला नाहीत. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उतरतं मेज मांडलंत आणि टोक काढलेली पेन्सिल हातात दिलीत. मेजावर फोटोची काच, म्हणजे निगेटिव्ह, खाली उजेडासाठी आरसा. काचेवर माणूस काळ्याचा पांढरा, पांढऱ्याचा काळा दिसतो. पेन्सिल लावली की छापलेल्या फोटोत तेवढं उजळ येतं, पात्यानं खरवडलं की गडद. लग्नाच्या मुलींच्या गालांवरचे देवीचे व्रण मी भरून काढायची, आणि तुम्ही म्हणायचात, "थोडं कमी कर. पाहुने घरी आले तं पोरगी वळखू आली पायजे." मला राग यायचा. मी तुमच्यापेक्षा हुशार झाले आहे, असं मला तेव्हा अगदी मनापासून वाटत होतं.

किन्हीराजा गावचं ते जोडपं तुम्हाला आठवत असेल. त्यांचा एकुलता एक मुलगा तापानं गेला होता, आणि वर्षभरापूर्वी तुम्ही त्याचा काढलेला फोटो आपल्या कपाटात काचेवर होता. दुसरा फोटो त्याचा नव्हताच. मोठा करून द्या म्हणून ते सांगून गेले. तुम्ही अनसिंगला लग्नाचे फोटो काढायला गेलेले, आणि मी एकटी त्या काचेसमोर बसले आहे. उजव्या भुवईतून कपाळावर गेलेला, छापल्यावर पांढरा उमटणारा एक वण मला खुपतो. मेलेल्या मुलाला निदान देखणं तरी करू, असं मनात येतं. पातं घेते आणि वण खरवडून टाकते.

त्या मुलाची आई फोटो घ्यायला आली. पदरानं डोळे कोरडे करून तिनं तो उजेडात धरला, बराच वेळ पाहिला आणि परत तुमच्या हाती दिला. "चांगला हाय. पन हा माहा पोट्टा नाही. बैलानं शिंग मारलं होतं त्याले, ते कुठी गेलं?" तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, मग तिच्याकडे. "चूक आमची हाय, बाई. दुरुस्त करून देतो." मग मला आत नेऊन हळूच म्हणालात, "माणसाले इचारल्याबिगर त्याच्या चेहऱ्याले हात लावायचा नाही. तुनं पुसलं, आता तूच काढ." मी रडकुंडीला आले. वण कसा होता ते मला आठवत नव्हतं. आपल्याला नकोशी वस्तू कोण नीट बघून ठेवतं?

तुम्ही तिला माझ्यासमोर बसवलंत. तिनं माझ्या भुवईवर बोट ठेवलं आणि सावकाश वर नेलं. "हितून हितलोक. हितं जराक वाकडं." तिचं बोट खरखरीत होतं. पेन्सिलीनं काढून मी तीनदा पुसलं, चौथ्यांदा जमलं. फोटो छापून तुम्ही तिच्या पुढ्यात ठेवलात, तेव्हा ती त्या खुणेवरून अंगठा फिरवत राहिली. मग तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. "माय, तुह्या हातानं आला माहा लेक. कोनं पुसलं होतं त्याले?"

तुम्ही कागद गुंडाळत होता, ते थांबलात. खाकरला नाहीत. मी बोलावं म्हणून तुम्ही वाट पाहत होता, हे मला तेव्हाही कळलं होतं. मी मान खाली घातली आणि आशीर्वाद घेतला. तुम्ही त्यानंतर कधी तो विषय काढला नाहीत, मीही नाही. हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच, म्हणून लिहिता येतंय. आबा, तो आशीर्वाद मला हवा होता. सासरहून आल्यापासून माझ्या डोक्यावर कोणी हात ठेवला नव्हता.