विहिरीत न डोकावता घेतलेलं घर

भाद्रपद शुद्ध षष्ठी, सन १९४६

आज पाटल्या उतरवल्या! नातवानं मागितल्यावर नाही कशी म्हणू? आईनं वाईच्या सोनाराकडून घडवलेल्या — सोनार चकणा, पण नक्षी काय सरळ! असो. हरी त्या गहाण ठेवणार. नाथाजी दलालाकडे इथलंच, सांगलीतलं एक घर विकायला आलंय. हरी ते घेणार नाहीच. मालकाला नुसता इसार द्यायचा, मुदत मागायची, अन् मुदतीत चढ्या भावानं दुसऱ्याच्या गळ्यात घालायचं. न घेतलेलं घर विकायचं — हुशार माझं लेकरू! सौदा पुरा होईस्तोवर बोलायचं नाही, दृष्ट लागते. साताऱ्याला तात्याला, म्हणजे त्याच्या बापालासुद्धा नाही. मी, आणि गप्प!

शुद्ध नवमी

घर पाहून आले. ओसरी ऐसपैस. विहिरीत डोकावले, तर तळाला एक बेडूक. तोही कोरडा — भर भाद्रपदात! मी म्हटलं, पाणी? नाथाजी हसला. "आवं आजी, ह्यात ऱ्हायचंय कुणाला? इकायचंच हाय न्हवं!"

खरंच की.

शुद्ध द्वादशी

पितृपक्ष तोंडावर. त्यात कुणी घर घेत नाही, आणि मुदत नेमकी त्यातच संपते. मुदत मागताना पंचांग बघायचं राहिलं! हरी ताटावरून उठला. मी उगाच रिकामी मनगटं चोळत बसले.

अनंत चतुर्दशी

सुटलो! रहिमतपूरच्या लालासाहेबांनी काल घेतलं. त्यांनाही राहायचं नव्हतंच. आज साताऱ्यात एकाला गाठून विकून मोकळे झाले म्हणे. पितृपक्षाच्या घाईत विहीर कुणी बघितलीच नाही. तो शेवटचा मात्र राहायला येणार, बिचारा! पाटल्या हातात. अनंताला अनारसे केले, छान जाळी पडली.

आश्विन शुद्ध प्रतिपदा

घट बसवले, तेवढ्यात साताऱ्याहून तात्या आला. मला आणि हरीला टांग्यात घातलं. कुठे ते सांगेना, दृष्ट लागते म्हणे. टांगा थांबला तो त्याच दारात!

"आई, पेन्शनीचं सगळं ह्यात घातलं. आता भाड्याचं घर नको. ही घे कळशी, पहिलं पाणी तू काढ."

हरी टांग्यातून उतरेचना.

मी पाटल्या काढून त्याच्या हातात ठेवल्या. म्हटलं, जा, विहीर खणणारे घेऊन ये.

ओसरी मात्र खरंच ऐसपैस आहे!