पायदान नसलेली गाडी

भायखळा, मुंबई
शिवरात्रीच्या आदल्या दिवशी, १९५७

प्रिय बिरूदादा,

तुझ्या एकट्याच्या नावानं हे माझं पहिलंच पत्र. आईला लिहितो तवा खाली तुला रामराम लिहून मोकळा होतो, पण या खेपेला बोलायचं ते तुझ्याशीच आहे. चौथीतून शाळा सुटलेल्याचं अक्षर, तवा हळू वाच. आणि कापसाच्या जीनच्या फाटकाशी बसून वाचू नको. तिथले हमाल तुला चिडवून राह्यलेत असं आईनं कळवलं. शेटजीची नवी मोटार येती म्हणे, मंग बिरू ड्रायव्हर काय तिच्यामागं मेंढरं हाकणार का, असं विचारतेत. तू नुसता शेटजींच्या जुन्या गाडीचे दिवे पुसत बसतोस, हेही तिनं कळवलं. तवापासून माझं चित्त ठिकाणावर न्हाई.

तसं ते कधी होतं म्हणा. मुंबईत आल्यापासून हे तिसरं वर्कशॉप. एका जागी बसलं की पायात मुंग्या येतात. सुट्टीच्या दिवशी लोक निजतात, मी आपला पायी पायी पार समुद्रापर्यंत जातो आणि उभ्या गाड्या बघत फिरतो. परवा एका बंगल्यासमोर एका गाडीला इतका वेळ बघत राह्यलो की तिथला गुरखा म्हणाला, काय रे, लगीन लावतोस का तिच्याशी? हसून निघालो, पण पुढच्या वळणावर दुसरी उभी होती, मंग तिथं थांबलो. मला कोणती गाडी पाहिजे, कोणतं गाव पाहिजे, काही समजत न्हाई बघ. इथं असलो की जालन्याच्या रस्त्याची धूळ आठवते, आणि गावाकडं आलो की चार दिवसांत इथल्या पत्र्याचा ठोक कानात वाजतो.

शेटजींनी घेतलेली गाडी आमच्याच वर्कशॉपात उभी आहे. दुसऱ्या हाताची, त्रेपन्न सालची अमेरिकन. डावी बाजू चेपली होती, ती मिस्त्रीनं माझ्याकडं दिली. म्हणजे महिनाभर मी तिलाच ठोकून राह्यलो. तू मला विचारशील, आपल्या जुन्या गाडीपेक्षा देखणी आहे का? याचं उत्तर मी रोज वेगळं देतो.

आमच्याकडं सगळ्या सालांच्या गाड्या एका रांगेत उभ्या असतात. आपल्या गाडीसारखी तीस-एकतीस सालची बघितली की सगळं बाहेर दिसतं. दिवे दांडीवर, भोंगा बाहेर, जादा चाक बाजूला बांधलेलं, दारांखाली पाय ठेवायला लांबच्या लांब पायदान. शेटजींच्या घरच्या इचरजबाई लग्नाला निघाल्या म्हणजे कसं, जे असेल ते सगळं अंगावर. मंग चाळीसच्या आसपासच्या बघ, दिवे मडगार्डात रुतलेत, मडगार्डं फुगलीत, लोकर वाढलेल्या मेंढ्यासारखी गोल गोल. आणि या आताच्या म्हणजे कातरून सोडलेलं मेंढरू! मडगार्ड कुठं संपलं आणि दरवाजा कुठं लागला ते कळतच न्हाई. पायदान तर गायबच. अगदी नव्या आल्यात त्यांना मागं माशासारखे पंख फुटलेत. मी धर्मराज मिस्त्रीला विचारलं, यातली खरी देखणी कोणती? तो विडी पेटवून म्हणाला, जिचा मालक तिला न्यायला परत येतो ती. त्याच्याशी असल्या गोष्टी बोलण्यात अर्थ न्हाई.

पण मला माझं एक सापडलंय. ठोकलेला पत्रा बराबर झाला का ते डोळ्यानं कळत न्हाई. तळव्याखाली पातळ फडकं धरायचं, डोळे मिटायचे आणि हात पुढून मागं न्यायचा. पहिल्यांदा केलं तवा अंगावर काटा आला. आपले वडील भोकरदनच्या बाजारात मेंढ्याच्या पाठीवर असाच हात फिरवायचे, आठवतं का? मानेपासून शेपटापर्यंत, तोंड भलतीकडं करून. हात कुठं अडखळला तर ते जनावर वडील घेत नसत. गाडीचंही तेच आहे. आपल्या जुनीचा दिवा वेगळा, मडगार्ड वेगळं, पण मडगार्ड वरून उतरतं, पायदान होऊन सरळ जातं आणि मागच्या चाकावर पुन्हा चढतं, ते सगळं एका दमात. या नवीचंही एका दमात आहे, फक्त दम लांब आहे. साल कोणतंही असू दे, जी गाडी करणाऱ्याचा हात मधी थांबला न्हाई ती देखणी. वंगाळ दिसतात त्या मधीच कुणाच्या तरी हौसेनं चमकती पट्टी मारलेल्या. शेटजींच्या पोरानं, राधेश्यामशेटनी, आपल्या जुनीच्या नाकावर नवी जाळी बसवून आणली होती, आठवतं? म्हातारीला रिबीन बांधल्यासारखी. आणि तू ती अंबडच्या रस्त्यात कुठं पडली कळलंच न्हाई, असं तोंड करून सांगितलंस. मला माहीत आहे ती कुठं पडली. सरकीच्या ढिगाखाली मीच बघितली होती.

या नवीत दोन गोष्टी मला खटकल्या. छत खाली आहे. आपले शेटजी, सोहनलालशेट, पगडी काढणाऱ्यातले न्हाईत. म्हणून मी डोक्यावर बादली पालथी घालून मागच्या सीटवर बसलो, तर ठण्णकन वाजली. सगळं वर्कशॉप हसलं. राधेश्यामशेट म्हणाले, बाबूजी टोपी घालतील. शेटजी आणि टोपी! मी गादी उसवली, स्प्रिंगा बसक्या केल्या, दोन बोटं जागा काढली. आता पगडी बसते, फक्त खड्ड्यात गाडी हळू घालायची. दुसरं पायदानाचं. इचरजबाईंना पाय ठेवायला काही पाहिजे, म्हणून एक लाकडी पाट करून डिकीत ठेवलाय. दार उघडायच्या आधी तो खाली ठेवायचा. ध्यानात ठेव.

आणखी एक. जुन्या गाडीत बसलं की समोर लांब बॉनेट आणि दोन दिव्यांच्या पाठी दिसायच्या, त्यांच्या मधून तू रस्ता धरायचास, मलाही तसाच धरायला शिकवलास. हिचं नाक खाली पडतं, दिसतच न्हाई. बिचकू नको. बॉनेटच्या मधोमध पितळी पाखरू आहे, ते रस्त्याच्या डाव्या कडेवर आलं की डावं चाक बराबर कडेशी असतं. मी तीनदा उतरून बघितलंय.

आता गिअर. फाटकावरचे लोक म्हणतेत न, बिरूला खालचा दांडा माहीत, नवीचा दांडा स्टिअरिंगला आहे, त्याला काय जमतंय. अरे, तेच तीन गिअर आहेत, पायाशी होते ते हाताशी आलेत. दांडा स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला आहे. आपल्याकडं ओढून खाली केला की पहिला. ओढ सोडून वर नेला की दुसरा. तिथून सरळ खाली आणला की तिसरा. आपल्याकडं ओढून वर, म्हणजे मागं. दुसऱ्या-तिसऱ्याला क्लच दोनदा दाबायची गरज न्हाई, तरी तू दाबशीलच, दाब, काही बिघडत न्हाई. एक वेळूची काठी घे, जुन्या गाडीच्या स्टिअरिंगच्या दांड्याला दोरीनं सैल बांध, आणि डोळे मिटून हात चालव. लोक हसतील. हसू दे.

आता जे लिहायला बसलो ते लिहितो. राधेश्यामशेट गाडी बघायला आल्ते तवा मला बाजूला घेऊन म्हणाले, राधाकिसन, बिरू आता जुना झाला, त्याला जीनच्या फाटकावर बसवू, गाडी तू चालव, तुझी आईही तेच म्हणती. दादा, मी तिथल्या तिथं न्हाई म्हणलो न्हाई. विचार करतो म्हणलो. आठ दिवस झाले, ती गाडी चालवत मी गावात शिरतोय, आई दारात उभी आहे, हेच डोळ्यापुढं येतं, आणि जेवण गोड लागत न्हाई. पण प्रत्येक वेळी फाटकाशी आलो की तिथं स्टुलावर तू बसलेला दिसतोस, उठून फाटक उघडतोस, आणि माझा हात तिथंच अडखळतो. मी परवा राधेश्यामशेटना निरोप धाडला की ड्रायव्हर आमचा बिरूच, गाडी न्यायला त्यालाच पाठवा, आणि घाट चढवून दाखवला न्हाई तर मंग बोला. ते चिडलेत, पण पाठवतो म्हणाले. आईला काय सांगायचं ते मी बघतो. तू फक्त काठी बांध आणि ये. कसाऱ्याचा घाट चढेपर्यंत मी तुझ्या शेजारी बसतो, तोंड भलतीकडं करून. वर इगतपुरीला मला उतरव. पुढचा रस्ता तुला माहीत आहे.

तुझाच,
राधाकिसन