शिशाची फौज

३० जून १९३४, शनिवार

शाळा अर्धा दिवस. चित्रकलेचा तास घेऊन थेट आदूच्या वखारीत. पावसात तंबाखूचं काम थंड असतं, निवडणीचं लांब टेबल आम्हाला मोकळं. लढाई मी जिंकलो. त्यात नवं काही नाही, गेली सात-आठ वर्षं मीच जिंकतो. आदूची लाकडी माणसं (खानापूरच्या सुताराने केलेली, ठोकळेच ते) पटापट आडवी झाली. त्याच्या तोफेतला हरभरा नेहमीसारखा माझ्या फौजेच्या डोक्यावरून मागच्या पोत्यांत. तोफ डागण्यात आदूला गतीच नाही.

भरात येऊन माझ्या तोंडून "हा मेला!" निघालं. आदूची आई, आक्का, नेमक्या दारात. "मास्तर, माझ्या घरात कोण मरत न्हाई. निजला म्हणा." म्हटलं, निजला. फासेही या घरात चालत नाहीत, ते जुगाराचे. म्हणून तर तांबटाकडून ही स्प्रिंगची तोफ करवली. जैनाच्या घरी लढाई खेळायची म्हणजे एवढं पाळायलाच हवं.

माझ्या मातीच्या घोडेस्वाराचा रंग उडालाय. उद्या लावतो. माती माझी, भट्टी माझी, हात माझा. असली फौज कॅम्पातल्या गोऱ्या साहेबाकडेसुद्धा नसेल.

७ जुलै

खेळ नाही. आदू बेळगावला. कॅम्पातला कोणी मेजर विलायतेला परत चाललाय, त्याच्या सामानाचा हर्रास आहे. आदूला कपाट हवंय. मला चल म्हणाला नाही. शाळा होती हे खरं, पण विचारायला काय जात होतं?

१४ जुलै

वखारीत तिसरा माणूस. रस्त्याच्या कामावर आलेला नवा ओव्हरसियर. हिरेमठ, धारवाडकडचा. हर्रासात आदूच्या शेजारी उभा होता म्हणे. आदूने कपाट घेतलं, याने पेटी. पेटीत मेजरच्या मुलांची शिशाची फौज. लाल कोट, काळ्या टोप्या, घोड्यांच्या नाकपुड्यासुद्धा दिसतात. आतून पोकळ, त्यामुळे हाताला हलकी. मी एक शिपाई उचलून पाहिला आणि लगेच ठेवला.

आदू म्हणाला, "मास्तर, आज ह्यांस्नी खेळू दे की. नवीन हाईत." खेळू दे म्हटलं. पोत्यावर बसून पाहिलं. दोघांचं बोलणं कानडीत. मला समजतं, पण मी हसण्यापर्यंत पोचेतो त्यांचं हसून झालेलं असतं.

आणि एक नवल. आदूचा नेम! एकामागून एक लाल कोट निजवले. माझ्यासमोर आठ वर्षांत एकदाही...

१५ जुलै

ते नेमाचं डोक्यातून जात नाही. नवा माणूस भेटला की हातही सुधारतो काय?

हिला सांगितलं. ही भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "सवत आल्यागत करायलाय की तुम्ही." जेवण गोड लागलं नाही.

२१ जुलै

ओव्हरसियरने (यापुढे नुसतं ओ.) पोलादी फीत आणली. आजवर टेबलावरचं अंतर माझ्या वितीने मोजायचं, घोडा दोन विती, पायदळ एक. कधी भांडण नाही. ओ. म्हणे, वीत प्रत्येकाची वेगळी. "खरं हाय की," आदू म्हणाला. खरं हाय! मग आठ वर्षं काय खोटं होतं? मी हात खिशात घातला तो निघेपर्यंत काढला नाही.

ओ. माणूस वाईट नाही, हे लिहून ठेवतो. मी आलो की उठतो, "बर्री मास्तर, कूड्री," म्हणून जागा देतो. माझीच जागा मलाच देतो! त्यापेक्षा वाईट असता तर सोयीचं झालं असतं.

२८ जुलै

आज माझी पाळी. माझी माती, आदूचं लाकूड. जिंकलो. आदूचा हरभरा पुन्हा पोत्यांत. म्हणजे ओ. समोर नेम आणि माझ्यासमोर टंगळमंगळ. जिंकून इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं.

निघताना आदू म्हणाला, "पुढच्या शनवारी ओव्हरसियर येणार हाईत. तू येतोस न्हवं बघायला?"

बघायला.

३१ जुलै

ठरलं. आपणही शिशाची फौज करायची. पण पोकळ नाही, भरीव. छापखान्यात छपाईचे झिजलेले शिशाचे खिळे पोत्याने पडून आहेत. मालकाची पाटी मी रंगवून द्यायची, त्याने खिळे द्यायचे. आदूला सांगायचं नाही.

५ ऑगस्ट, रविवार

हिची शेगडी, हिचीच लोखंडी पळी. पळी फोडणीची होती, म्हणून ही सकाळपासून बोलत नाही.

साच्यासाठी माझीच जुनी माणसं ओल्या मातीत दाबली. ठसे सुरेख उठले. पण बाहेर काढताना कुणाची मान गेली, कुणाचा हात. घोडेस्वाराचे दोन तुकडे. तुकडे जुळवून पाहिले. मग पुढचा दाबला. आता फौज आणायची तर पुरती आणायची.

साचे शेगडीवर वाळवून शिसं ओतलं, त्यात बोट भाजलं. फोड आलाय.

१२ ऑगस्ट

सलग दोन शनिवार वखारीत गेलो नाही. आदूचा निरोप आला, "बरं न्हाई व्हय?" काम आहे म्हणून कळवलं. निरोप आला म्हणून दिवसभर खुशीत. संध्याकाळपर्यंत दुसरा आला नाही म्हणून चिडचिड. माझं मलाच हसू येतं, पण चिडचिड जात नाही.

बाजारात ओ. भेटला. "आदाण्णा तुमची आठवण काढत असतात," म्हणाला. आदूच्या मनातलं मला याच्याकडून कळायचं!

२६ ऑगस्ट

रंग पुरे झाले. भगवे फेटे, पांढरे अंगरखे, निळे पट्टे. खिडकीत ओळीने उभे केले. एकेकाचं वजन असं की तळहात खाली जातो. हिनेसुद्धा पाहिलं, "चांगलं झाल्यात," म्हणाली आणि पळी परत मागितली.

ओ. चं तोंड कसं होईल ते डोळ्यांसमोर आणून दोनदा हसलो.

१ सप्टेंबर, शनिवार

नीट लिहितो, नाहीतर उद्या मीच बदलून सांगेन.

पेटी उघडली. आदू मनापासून खूष झाला. एकेक उचलून उजेडात धरत होता. "लेका, हे तू केलास? घरात बसून?" ओ. नेही "भाळ चलो", फार छान, म्हटलं, तेही मनापासून. तिथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं.

आदू म्हणाला, "चल, आज तू न् मी. आता बघ तू माझी तोफ." बाह्या सारल्या. इतका हुरूप त्याला माझ्यासमोर कधी आला नव्हता. मला तर आभाळ ठेंगणं झालं.

पहिला हरभरा थेट माझ्या निशाणवाल्याच्या छातीवर. टक्कन वाजला आणि उलटा आला. निशाणवाला जागचा हलला नाही. दुसरा घोड्यावर, तिसरा तोफखान्यावर, सगळे नेमके. कुणी पडेना. सुरुवातीला आदू हसत होता. मग तोफ अगदी जवळ आणून पाहिली. टक्. मग हसायचा थांबला.

ओ. कानडीत काहीतरी बोलला, भरभर. आदूला विचारलं, काय म्हणतो? सांगेना. पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाला, "म्हणतोय, ही फौज न्हवं, भिंत हाय."

मी म्हटलं, नियम तुम्हाला ठाऊक आहे. पडला तर निजला. नाही पडला तर उभा. आणि माझी सगळी माणसं एकेक वीत (फितीने मोजून!) पुढे नेत आदूच्या टोकाची टेकडी, म्हणजे उपडी टोपली, घेतली. आदूचं लाकूड सगळं आडवं, माझा एकही नाही.

आदू हरभरे वेचत म्हणाला, "मास्तर, तुझी माणसं निजतच न्हाईत रं. मग आपण खेळायचं काय?"

मी माणसं पेटीत भरली. चहा घेतला नाही. पेटी घरी आणताना हात अवघडला.

८ सप्टेंबर

वखारीत गेलो. आदू दारातच, "आज जरा काम हाय." पेटी तशीच परत. काम असेलही. आतून टक्कन आवाज ऐकल्यासारखा वाटला. कदाचित पोती हलवत असतील. कान देऊन उभा राहिलो, एक हमाल बघायला लागला तेव्हा निघालो.

१२ सप्टेंबर, चतुर्थी

गणपती बसला. दर वर्षी आरतीला आदू असतो. या वर्षी त्याच्याकडून नारळ आला. आदू आला नाही.

ही म्हणाली, "तुम्हीच जावा की." उद्यापासून त्यांचं दशलक्षण पर्व, आदू एकवेळ जेवणार, दिवसभर बस्तीत (त्यांच्या देवळात). वखारीला कुलूप, खेळ बंद. मीही जाणार नाही. निदान या दिवसांत तो ओ. बरोबरही खेळणार नाही. असला आनंद करणारा माणूस मी. छान!

१८ सप्टेंबर

ओ. संकेश्वरच्या रस्त्यावर. पुलाचं काम. जाण्यापूर्वी बस्तीसमोर आदूला भेटून गेला, असं शाळेच्या शिपायाकडून कळलं. मी विचारलं नव्हतं. म्हणजे, तसं सरळ विचारलं नव्हतं.

२४ सप्टेंबर, सोमवार

आज त्यांची क्षमावाणी. आदू आला. उपासाने चेहरा उतरलेला, धोतर पांढरंशुभ्र. गल्लीतल्या प्रत्येक दारात हात जोडत आला. आधी शिंप्याकडे, मग आमच्या शेजाऱ्याकडे, मग मी. दर साली असंच असतं. आजच मी क्रम मोजत होतो.

"वर्षभरात कळत नकळत दुखावलं असंल तर क्षमा कर, मास्तर."

मी म्हटलं, हे तू शिंप्यालापण म्हणालास.

"व्हय. त्याला तेवढंच सांगायचं होतं. तुला आणखी एक हाय." आणि ओट्यावर बसला. पाणी दिलं, ते घेतलं नाही.

सांगितलं ते असं. पहिल्या साली त्याच्या हरभऱ्याने माझ्या निशाणवाल्याचं डोकं उडालं होतं. मी हसून सोडून दिलं. पण नंतर चार दिवस घरी ते चिकटवत बसलो, हे त्याला हिच्याकडून कळलं. "तवापास्नं तुझ्यावर तोफ धरली की मी वर धरतो. पोत्यांवर. मातीची माणसं ती, तू हातानं केल्याली. फुटली तर तुला लागंल. आठ वर्सं तुला खोटं खेळलो. ओव्हरसियरच्या फौजेला काय होत न्हाई, पडली की उचलून ठेवायची. मोकळ्या हातानं खेळाय मिळालं म्हणून मी हुरळलो. तुला वाईट वाटतंय ते दिसत हुतं, तरी त्याला बोलवत ऱ्हायलो. ह्याची क्षमा कर."

मग तोंडून निघालं ते हे, "म्हणजे मी कधीच जिंकलो नव्हतो?"

"जिंकलास की. मी हरत हुतो म्हणून."

तो ओट्यावरून उठला. मग तो म्हणाला, "ती जुनी माणसं हाईत न्हवं? सांभाळून ठेव. खेळाय न्हाई, नुसती ठेव."

मी हो म्हटलं. ज्या दिवशी माफी मागायची त्याच दिवशी खोटं बोललो. ज्यांच्यासाठी याने आठ वर्षं नेम चुकवला ती मी एका दुपारी साच्यात मोडली, हे कसं सांगणार? मलाही उलट क्षमा मागायची होती. शब्द ठरलेले आहेत, फक्त म्हणायचे. म्हटले नाहीत. तो हात जोडून पुढच्या दाराला गेला.

२५ सप्टेंबर

शाळेत मुलांना फुलपात्र काढायला दिलं आणि खिडकीतून बाहेर बघत बसलो. राग कशाचा आहे ते तरी समजावं. त्याने मला जपलं याचा आहे. दुसरं काही नाही. लहान मुलाशी कुस्ती खेळताना बाप पडतो, तसं आठ वर्षं. आणि मी गावभर सांगत फिरलो की आदूला नेम नाही.

ओ. ला मात्र त्याने खरं हरवलं. त्याचा हेवा वाटतो. हरण्याचासुद्धा हेवा वाटू शकतो, हे आज कळलं.

२८ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी आदूचा निरोप. उद्या वखार उघडतोय, ये. एवढंच.

शाळेतून येताना लोहाराकडून कानस आणली. निशाणवाल्याचा पाया दोन्ही बाजूंनी घासला. पाटावर उभा केला, हरभरा टिचकीने मारला. पडला नाही. आणखी घासला. आता पडतो. मग घोडा घेतला. शिशाची पूड हाताला बसलीय, साबणाने जात नाही.

हिने विचारलं, "आता हे कशाला? एवढं चांगलं उभं ऱ्हात हुतं." म्हटलं, उद्या लढाई आहे. आदूला मातीच्या माणसांचं उद्या सांगायचं, तोफ डागायच्या आधी. न सांगता खेळलो तर या खेपेला खोटं खेळणारा मी ठरेन. सांगेन. बहुतेक सांगेन.

अजून निम्मी फौज घासायची आहे. ओ. संकेश्वरहून आलाय की नाही, उद्या तो असणार की नाही, हे मी कुणालाच विचारलेलं नाही. नसला तर फार बरं होईल.