लेव्हल लावून कापलेलं करवंद

सेक्टर एक, भिलाई
मे १९६३, रविवार

तीर्थरूप सिंधुताईस,

धाकट्या तेजरामचा दंडवत. इकडे मी, कौशल्या आणि कारखान्यातली भट्टी, तिघंही खुशाल आहोत. तिघांत वेळेवर जेवते ती भट्टीच. तुझ्या गुडघ्याला निरगुडीचा पाला लागू पडला का ते कळव. आईची तब्येत विचारत नाही. ती "मले काय धाड भरली" म्हणणार आणि तू तेच लिहून पाठवणार. पण गावाकडच्या त्या घरात ती एकटी असते, हे रोज ड्यूटीवर जाताना माझ्या मनात येतंच. तू गल्लीपलीकडे आहेस, एवढाच आधार.

क्वार्टर मिळालं तेव्हा मी तिला इकडे चल म्हणालो होतो, तुला आठवत असेल. "आंगणात आपलं करवंद लाव. त्याले फळं धरली का येईन मी," असं म्हणून तिने बांधावरची रोपं ओल्या पोत्यात बांधून दिली. आमच्या लायनीत सगळ्यांनी मेंदी लावली, मी करवंद. (पोस्टमन तेव्हापासून आमची पत्रं शेजारी टाकतो.) पहिल्या वर्षी मायेने इतकं पाणी घातलं की दोन रोपं कुजली. उरलेली जगली आणि अंगावर येऊ लागली. सायकलची ट्यूब गेली, खाकी पँट गेली. कापताना चीक उडतो, त्याचे डाग कौशल्या मला रोज दाखवते.

पण तुझ्या प्रत्येक पत्रात आईचा निरोप ठरलेला: "छाटत राह्यजो बापू, मोकाट सोडू नोको." आता माझ्यासारख्या फिटरला काप म्हटलं की तो आधी लेव्हल काढतो. मी दर रविवारी दोरी ताणून, लेव्हल ठेवून कापत आलो. कुंपण असं सरळ झालं की कारखान्यातले एक रशियन साहेब मुद्दाम थांबले आणि कौतुकाने त्यावरून हात फिरवला. नंतर ते बराच वेळ त्यांच्या भाषेत बोलत होते. ते कौतुक नसावं. फळ मात्र चार वर्षांत एकही नाही.

(इथपर्यंत आईला मोठ्याने वाचून दाखव. पुढचं मनात वाच. तिने विचारलंच, तर भट्टीचं काही लिहिलंय म्हण.)

ताई, मोरीमागचं एक झुडूप माझ्या कात्रीतून सुटलं. कौशल्या त्यावर जुनी लुगडी वाळत घालते, त्यामुळे मला तिथे जाता येत नाही. यंदा ते पांढऱ्या फुलांनी भरलं आणि आता घोसच्या घोस लटकलेत. मी समोर पाट टाकून बसलो. फुलं येतात शेंड्याला, आणि शेंडे मी दर रविवारी केरात टाकत होतो. आपल्या बांधावरच्या करवंदाला कधी कोणी कात्री लावली होती का?

मग डोक्यात आलं, हे आईला माहीत नसेल? जिचा जन्म करवंद खुडण्यात गेला तिला? तिला यायचंच नव्हतं, ताई. पोराला नाही म्हणवेना, म्हणून तिने मला छाटायला लावलं. आधी राग आला, मग हसू आलं, मग फार वाईट वाटलं. इथे सगळ्या घरांची तोंडं सारखी. नळावरून परतताना ती कोणाच्या दारात शिरेल सांगता येत नाही. तिथे गावात आंधळ्यासारखी चालली तरी उंबरठा सापडतो. तेव्हा करवंद धरलं हे तिला सांगू नकोस. तिला तिच्या शब्दात अडकवायचं नाही मला.

तुझा,
तेजराम

ता. क. तिला सहज म्हण की तेजरामची कात्री बोथट झाली. "धार लावून घे" म्हणाली, तर मी पुन्हा विषय काढणार नाही, दिवाळीला रजा घेऊन तिकडेच येईन. गप्प राहिली, तर मला लगेच कळव.

ता. क. (कौशल्याकडून) ताई, टपालात टाकायला दिलेलं हे पत्र मी वाचलं. कात्रीबित्री राहू द्या. मोरीमागच्या करवंदांचं लोणचं घालून, गावी निघालेल्या देवरावांबरोबर बरणी पाठवते आहे, ती सासूबाईंपुढे ठेवा. मीठ मी मुद्दाम जास्त घातलंय. म्हणावं, कौशल्याले जमून नाही राहिलं, अन् झाडावर अजून टोपलीभर कच्ची हायेत, तीही ती नासवन. त्या पहिल्या गाडीत बसतील. आणि मी लुगडी नेमकी रविवारीच का वाळत घालते, हे ह्यांना अजून कळलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.